कीटनला आवाजानं नाही, करारानं बुडवलं

गेल्या पंधरवड्यात एकच पोस्ट मला तीनदा आली. आधी शाळेच्या ग्रुपवर, मग सोसायटीच्या, आणि शेवटी भाच्यानं ‘मामा, हे तुझ्या आवडीचं’ म्हणून पाठवली. सोबत एक काळापांढरा फोटो: उतारवयाला लागलेला, डोळ्यांखाली सूज असलेला माणूस, हातात पत्ते. मजकूर थोडक्यात असा. अमेरिकेतला बस्टर कीटन हा मूकपटांचा बादशहा. १९२७ मध्ये बोलपट आला. याचा आवाज धड नव्हता आणि नवं तंत्र शिकायची तयारीही नव्हती. प्रेक्षकांनी पाठ फिरवली, एका रात्रीत सगळं गेलं. मग दारू, आणि शेवटी विस्मृतीत, कंगाल अवस्थेत मृत्यू. ‘जो आयुष्यात कधी हसला नाही, त्याच्यावर काळ हसला. बदला, नाहीतर संपाल!’ खाली जोडलेले दोन हात.

शेवटची ओळ लिहिणाऱ्याच्या हातात कसब आहे, हे मान्य. पण बाकीच्या मजकुरात दारूचा उल्लेख सोडला तर खरं फार थोडं आहे.

आधी आवाजाचं बघू. कीटनचा जन्म १८९५ चा, कॅन्ससमधल्या पिक्वा नावाच्या खेड्यातला. आईबाप गावोगाव खेळ करत फिरणारे कलावंत. पोरगं चार-पाच वर्षांचं असतानाच रंगमंचावर आलं आणि ‘द थ्री कीटन्स’ या नावानं तिघांचा खेळ सुरू झाला. त्याच्या कपड्याला पाठीवर चक्क बॅगेची मूठ शिवलेली असे. बाप त्या मुठीला धरून पोराला उचलायचा आणि पडद्यांवर, कधी वाद्यवृंदाच्या खड्ड्यात भिरकावायचा. लोक खदाखदा हसायचे. पण त्या खेळात नुसती आदळआपट नव्हती, गाणी होती, नकला होत्या, बापलेकांची जुगलबंदी होती. माईक नसलेल्या थिएटरात शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायची सवय याला लहानपणापासून लागलेली. १९१७ मध्ये तो पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर उभा राहिला तेव्हा एकवीस वर्षांचा होता आणि रंगमंचावरची जवळजवळ सोळा-सतरा वर्षं गाठीशी होती. अशा माणसाला बोलायची भीती कशाला वाटेल?

त्याचा आवाज खर्जातला, थोडा घोगरा, बोलण्यात कॅन्ससची छाप. विनोदी नटाला तो अगदी शोभत होता. १९३० च्या ‘डोबॉइज’ या बोलपटात तो युकुलेली (गिटारसारखं छोटं वाद्य) घेऊन मजेत गातो, ते एकदा बघा. पण सगळ्यात मोठा पुरावा वेगळाच आहे. तेव्हा डबिंगचं तंत्र बाल्यावस्थेत होतं, म्हणून परदेशी बाजारासाठी तोच सिनेमा त्या त्या भाषेत पुन्हा चित्रित करत. एमजीएम या हॉलिवूडच्या बड्या कंपनीत तो तेव्हा नोकरीला होता, तिनं कीटनकडून स्पॅनिश, फ्रेंच आणि जर्मन आवृत्त्या करून घेतल्या. इंग्रजी दृश्य झालं की तोच सेट, तेच कपडे, आणि कीटन नुसत्या उच्चारावरून पाठ केलेली परक्या भाषेतली वाक्यं म्हणायचा. आवाज टाकाऊ असलेल्या नटाला कुठली कंपनी चार भाषांमध्ये बोलायला लावेल?

‘नवं तंत्र शिकायची तयारी नव्हती’ हे वाचून तर मला हसूच आलं. कीटनला पहिल्या दिवसापासून अभिनयापेक्षा यंत्राचं वेड. १९१७ मध्ये रॉस्को आर्बकल या विनोदी नटाच्या युनिटमध्ये पाऊल ठेवताच त्यानं कॅमेरा मागून घेतला आणि उघडून आतले दाते, भिंगं, रिळाची वाट सगळं पाहून घेतलं, असं तो स्वतः सांगायचा. चार वर्षांनी, १९२१ मध्ये, ‘द प्लेहाउस’मध्ये एकाच चौकटीत नऊ कीटन शेजारीशेजारी नाचताना दिसतात. त्यासाठी भिंगापुढे उभ्या पट्ट्यांचं झाकण बसवलं होतं. एक पट्टी उघडायची, एका कीटनचं चित्रण करायचं, झाकायची, फिल्म मागे फिरवायची, पुढची पट्टी उघडायची. कॅमेरा हातानं फिरवायचा काळ तो, म्हणजे कॅमेरामन एल्गिन लेस्लीचा हात नऊही वेळा त्याच गतीनं फिरायला हवा. आणि कीटनलाही त्याच तालावर नाचायला हवं.

ध्वनी आला तेव्हाही हा माणूस पळून गेला नाही. १९२९ चा ‘स्पाइट मॅरेज’ आपल्याला बोलपट म्हणूनच करायचाय असा त्याचा आग्रह होता. कंपनी नाही म्हणाली, आणि सिनेमा नुसत्या संगीतावर आणि आवाजांवर निघाला. बोलपट कसा असावा याबद्दल त्याचा विचारही पक्का होता: माणसं बोलायची तिथे बोलू देत, पण काम चालू असताना उगाच तोंडाची टकळी नको. हे सुचण्यात तो मागे नव्हता, बरोबरीच्यांच्या पुढेच होता.

मग प्रेक्षकांनी पाठ फिरवली, त्याचं काय? फिरवली होती, पण मूकपटाकडे. आज ज्याला जगातल्या थोर चित्रपटांत गणतात तो ‘द जनरल’ प्रदर्शित झाला तेव्हा आपटला. ओरेगनमध्ये कॉटेज ग्रोव्हजवळ खरं इंजिन जळत्या पुलावरून खाली नदीत पाडलं, त्या एका शॉटचा खर्च ४२ हजार डॉलर सांगतात. एकूण खर्च साडेसात लाखांच्या घरात गेला आणि अमेरिकेतली कमाई पाच लाखांच्याही आत राहिली. उलट एमजीएममधले त्याचे सुमार बोलपट चालले. १९३१ चा ‘साइडवॉक्स ऑफ न्यूयॉर्क’ त्याला स्वतःला इतका भिकार वाटायचा की त्याचं नाव काढलं तरी तो वैतागे. त्या सिनेमानंही पैसे मिळवले. पुढे जिमी ड्युरांट या विनोदी नटाबरोबर त्याची जोडी लावली, तीही चालली. म्हणजे पोस्टवाल्याचा हिशोबच उलटा आहे. पडला तो उत्तम सिनेमा, चालला तो वाईट.

आता कीटन नेमका कुठे बुडाला ते सांगतो, कारण पोस्टमध्ये नेमकं तेच नाही.

१९२० पासून त्याचं स्वतःचं युनिट होतं. हॉलिवूडमधला एक जुना स्टुडिओ, चार-पाच विनोद सुचवणारे सोबती, कायमचा कॅमेरामन. पूर्ण पटकथा लिहायची पद्धतच नव्हती. सुरुवात ठरली, शेवट ठरला, मधलं सुचेल तसं. अडलं की सगळे बाहेर जाऊन बेसबॉल खेळायचे आणि खेळता खेळता कोणाला तरी सुचायचं. ‘स्टीमबोट बिल ज्युनिअर’मधली भिंत याच पद्धतीतून आली. वादळात घराची दर्शनी भिंत सपाट खाली कोसळते आणि कीटन वाचतो, कारण तो बरोबर वरच्या उघड्या खिडकीच्या चौकटीखाली उभा असतो. भिंत खरी, जड. चौकट आणि खांदे यांत काही इंचांचं अंतर. बुटासाठी जमिनीवर केलेली खूण चुकली असती तर विषय संपला होता. असा शॉट कागदावर लिहून वरच्या साहेबाकडून मंजूर होत नाही.

पण ‘स्वतःचं युनिट’ म्हणताना एक मेख आहे. कंपनीला नाव कीटनचं, मालकी निर्माता जोसेफ शेंक आणि त्याच्या भागीदारांची. शेंक हा कीटनचा साडू, कीटनची बायको नताली टॉलमॅज ही त्याची मेहुणी. घरचाच माणूस, त्यामुळे कीटननं कागदपत्रांकडे कधी लक्ष दिलं नाही. (घरच्या माणसाच्या शब्दावर सही करणारे आपल्याकडेही कमी नाहीत.) १९२८ मध्ये शेंकनं युनिट गुंडाळलं आणि कीटनला एमजीएममध्ये पाठवलं. आठवड्याला ३००० डॉलर पगार. चॅप्लिन आणि मूकपटांतला दुसरा विनोदवीर हॅरॉल्ड लॉइड दोघांनी त्याला ‘जाऊ नकोस’ म्हणून सांगितलं होतं. तो गेला. आपल्या आयुष्यातली ही सर्वांत मोठी चूक, असं त्यानं पुढे आत्मचरित्रात लिहिलं.

एमजीएम म्हणजे कारखाना. पटकथा आधी पूर्ण हवी, आणि त्यात प्रत्येक खात्यानं भर घालायची. तिथल्या पहिल्याच सिनेमाच्या, ‘द कॅमेरामन’च्या वेळी युनिट न्यूयॉर्कला गेलं. भर रस्त्यावर लोकांनी कीटनला ओळखलं आणि वाहतूक ठप्प झाली. पटकथेतल्या पानापानांत हेच रस्ते. शेवटी त्यानं एमजीएमच्या निर्मितीचा प्रमुख थालबर्ग याला फोन करून बराचसा पसारा रद्द करून घेतला आणि काम स्टुडिओत परत नेलं, अशी हकीकत तो सांगायचा. तो सिनेमा उत्कृष्ट झाला. पण अशी सूट पुढे मिळेना. जुनं युनिट पांगलं, धोक्याच्या कसरतींना कंपनी कचरू लागली, विनोद दुसरेच लिहू लागले. आणि जो माणूस पडद्यावर संकटातून डोकं लढवून मार्ग काढायचा, त्याला त्यांनी कोट्या ऐकून घेणारा बावळट करून टाकलं. १९३० चे ते बोलपट बघताना वाईट याचंच वाटतं. आवाज ठणठणीत आहे, त्या तोंडात घातलेली वाक्यं टुकार आहेत.

दारूचं खरं आहे, झाकायचं काही कारण नाही. पण क्रम बघा. हातातलं काम आधी गेलं, पिणं त्यानंतर वाढलं. १९३२ मध्ये घटस्फोट झाला, नतालीनं दोन्ही मुलांचं आडनावसुद्धा बदलून टॉलमॅज केलं. १९३३ मध्ये एमजीएमनं काढून टाकलं. १९३५ मध्ये त्याला रुग्णालयात ठेवावं लागलं. नंतर त्याच एमजीएममध्ये तो आठवड्याला १०० डॉलरवर दुसऱ्यांच्या सिनेमांसाठी विनोद सुचवायला बसला. तीन हजारांवरून शंभरावर. पोस्टवाल्याला आयता मिळाला असता असा हा आकडा, तो त्याला सापडलाच नाही.

गोष्ट १९३५ ला थांबवली तर ‘संपला’ म्हणता येईल. पण त्यानंतर तो आणखी तीस वर्षं जगला आणि बहुतेक काळ कामात होता. १९४० मध्ये त्यानं एलेनॉर नॉरिसशी लग्न केलं, ते शेवटपर्यंत टिकलं. १९४७ मध्ये पॅरिसच्या मेद्रानो सर्कशीत खेळ केले. १९४९ मध्ये समीक्षक जेम्स एजीनं ‘लाइफ’ साप्ताहिकात मूकपटांच्या विनोदावर लांबलचक लेख लिहिला आणि नव्या पिढीला कीटन पुन्हा दिसला. त्याच सुमारास टीव्ही आला आणि हा ‘न बदलणारा’ माणूस लगोलग तिकडे गेला. स्वतःचा कार्यक्रम केला, पुढे जाहिरातीही केल्या. १९५२ मध्ये ‘लाइमलाइट’मध्ये चॅप्लिनच्या बरोबर पियानोवर बसून घरंगळणारे स्वरलिपीचे कागद आवरताना तो काय करतो ते बघून घ्या, मला वर्णन जमणार नाही.

कंगाल? त्याच्या आयुष्यावर सिनेमा काढायचे हक्क पॅरामाउंटनं ५० हजार डॉलरना घेतले. सिनेमा खोटानाटा निघाला, पण त्या पैशातून वुडलँड हिल्सला घर झालं. तिथे तो कोंबड्या पाळायचा आणि त्याची खेळण्यातली आगगाडी पाहुण्यांपर्यंत खाऊ पोचवायची. विस्मृती? १९६० मध्ये मानद ऑस्कर, १९६५ मध्ये व्हेनिस महोत्सवात सबंध सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. १ फेब्रुवारी १९६६ रोजी, सत्तराव्या वर्षी, फुप्फुसाच्या कर्करोगानं तो त्याच घरी गेला.

‘कधी हसला नाही’ हेही खोटं. १९१७ च्या ‘कोनी आयलंड’मध्ये तो मोठमोठ्यानं हसतो, रडतोसुद्धा.

राहता राहिला तो फोटो, पोस्टमध्ये ज्याला ‘शेवटचे दिवस’ म्हटलंय. तो १९५० च्या ‘सनसेट बुलेव्हार्ड’मधला आहे. एका विस्मरणात गेलेल्या नटीच्या घरी मूकपटांच्या जमान्यातली मंडळी ब्रिज खेळायला जमतात, त्यांतला एक कीटन. विसरला गेलेला नट, ही भूमिका होती, तिचे त्यानं पैसे घेतले. ब्रिज तो खरोखरच पट्टीचा खेळायचा. त्या दृश्यात त्याला एकच शब्द आहे, तो दोनदा म्हणतो, त्याच खर्जातल्या घोगऱ्या आवाजात: ‘पास.’