मधली पस्तीस वर्षं

शाळेच्या ग्रुपवर मी एक फोटो टाकला आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. फोटो शेजारच्या म्हाताऱ्याच्या गाडीचा. १९७० ची डॉज चॅलेंजर आर/टी, ४४० सिक्स पॅक म्हणजे तीन कार्बोरेटरचं मोठं इंजिन, रंग जांभळा, म्हणजे त्या काळी डॉजनं ज्याला प्लम क्रेझी असं नाव दिलं होतं तो, आणि पुढच्या काचेत फॉर सेलचा बोर्ड. किंमत एक लाख दहा हजार डॉलर. मी आपलं सहज टाकलं की बघा काय गाडी आहे. तर आमच्या एका वर्गमित्रानं, नाव कशाला घ्या, लगेच लिहिलं, "बघा, अमेरिकेत ५५ वर्षांची गाडी कोटीला जाते आणि आपल्याकडं १५ वर्षांची झाली की भंगारात. हाच फरक." त्यावर धडाधड अंगठे. मग दुसरा उठला, त्यानं परवाच नवी एसयूव्ही घेतलीय, तो म्हणाला अमेरिकेत असले खटारे रस्त्यावर दिसतात का सांगा, तिथं शिस्त आहे, धूर सोडणारी गाडी पोलीस उचलून नेतात. आणि मग दोघंही मला, "तूच सांग रे मर्दा, तू तिथं असतोस."

आता दोघंही चूक आहेत हे सांगायचं म्हणजे दोघांशी वाकडं. पण सांगतोच, कारण हा १५ वर्षांचा विषय दर दोन-चार महिन्यांनी येतो आणि दर वेळी अमेरिकेला साक्षीला बोलावतात.

दिल्लीचं सगळ्यांना आठवत असेल. २०२५ च्या १ जुलैपासून १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना पंपावर तेलच द्यायचं नाही असं ठरलं, पंपावर कॅमेरे लावले, लोकांनी बोंब मारली, चार दिवसांत ते मागं घेतलं आणि ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की तूर्त नुसत्या वयावरून कारवाई करू नका. कोल्हापुरात तसलं काही नाही. आपल्याकडं १५ वर्षं झाली की परत पासिंग, ग्रीन टॅक्स, पुढं पाच वर्षं चालवा. आमच्या त्या पहिल्या मित्राची २००८ ची सँट्रो अशीच पास झालेली आहे आणि मजेत फिरतीय. म्हणजे ह्याच्या गाडीला कुणी हात लावलेला नाही, तरी हा दिल्लीवरून तावातावानं भांडतोय. मी डेट्रॉईटमध्ये बसून सँट्रोवरून भांडतोय, तेव्हा मी काय बोलणार.

तर पहिल्या मित्राला उत्तर. ही चॅलेंजर कुणी "जपून" वगैरे ठेवलेली नाही. म्हातारा तरुणपणी हॅमट्रॅमिकच्या डॉज मेनमध्ये होता, जिथं ही गाडी बनली त्याच प्लांटमध्ये, आणि १९७९ मध्ये त्यानं लाईनवरच्या एका दोस्ताकडून ही किरकोळ पैशात घेतली, कारण कुणालाच नको होती. १९६४ ला पाँटियाक जीटीओनं मोठ्या इंजिनाच्या मसल कारची जी नशा सुरू केली ती १९७० ला टिपेला पोचली आणि लगेच उतरली पण. इन्शुरन्सवाल्यांनी पोरांचे हप्ते वाढवले, प्रदूषणाच्या नियमांपायी ७१-७२ पासून इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरवलं, ७३ च्या ऑक्टोबरात अरबांनी तेल अडवलं. ७.२ लिटरचं इंजिन, लिटरला चार किलोमीटर दिलं तर नशीब. ७९ ला परत तेलाची बोंब. तेव्हा ही गाडी क्लासिक नव्हती, जुनी होती, एवढंच. १९८० च्या जानेवारीत डॉज मेन बंद पडला, ह्याचा जॉब गेला, गाडी विकायचा प्रयत्न केला, गिऱ्हाईक मिळेना, मग अप नॉर्थ, म्हणजे मिशिगनच्या उत्तरेला, भावाच्या बार्नमध्ये (कोठारात) नेऊन लावली आणि विसरला. उंदरांनी मागची सीट खाल्ली. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिशिगनच्या मिठानं खालचा पत्रा आधीच खाल्लेला.

रिटायर झाल्यावर त्यानं ती बाहेर काढली. बॉडी रोटिसरीवर चढवून उलटीपालटी करून सगळा गंज कापला, फ्लोअर नवा, डिकीचा तळ नवा, मागची दोन्ही क्वार्टर पॅनेल नवी, सीट कव्हर नवी, वायरिंग नवं. हे सगळं रिप्रॉडक्शन, म्हणजे जुन्यासारखं नव्यानं बनवलेलं, मिळतं, कॅटलॉग असतात. जुनं काय उरलं तर छप्पर, दारं, डॅश, इंजिन-गिअरबॉक्स आणि चॅसी नंबर. पण त्या नंबरातच सगळे पैसे आहेत. सुरुवात जे एस २३ व्ही ० बी. जे म्हणजे चॅलेंजर, एस म्हणजे आर/टी, २३ म्हणजे दोन दारी हार्डटॉप, व्ही म्हणजे सिक्स पॅक इंजिन, शून्य म्हणजे ७० साल, बी म्हणजे हॅमट्रॅमिक. त्याच नंबरचे शेवटचे आकडे इंजिनच्या ब्लॉकवर ठोकलेले असतात, गिअरबॉक्सवरही, ते जुळले तर एक किंमत आणि नाही जुळले तर तीच गाडी बऱ्याच कमी पैशात. परवा एक गिऱ्हाईक ओहायोहून आलं होतं, त्यानं गाडी चालवून बघायच्या आधी आडवं होऊन टॉर्च मारून ते आकडे बघितले, बोट फिरवून बघितलं, कारण जुन्या ब्लॉकवर नवे आकडे ठोकणारे पण लई आहेत. आणि म्हाताऱ्यानं कपाटातनं प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद आणला, फॅक्टरीतला बिल्ड शीट, म्हणजे गाडीत काय काय बसवायचं त्याची यादी, तो मागच्या सीटच्या स्प्रिंगांत अडकलेला सापडला होता, एक कोपरा उंदरांनी कुरतडलेला. ओहायोवाला तो कागद बघून गाडीपेक्षा जास्त खूश झाला.

हे सगळं करायला किती पैसे लागले हे तो बायकोसमोर सांगत नाही. आता बायकोला फ्लोरिडाला जायचंय, पोरांना गाडीत रस नाही, म्हणून विकायचीय.

आता मुद्दा. ही गाडी वाचली कशामुळं? अमेरिकन माणसाला वारशाची कदर वगैरे काही नाही. ती वाचली कारण तिच्या पंधराव्या वर्षी, म्हणजे १९८५ ला, तिला कुणी विचारलंच नाही. भावाकडं बार्न होतं, जागा फुकट होती, गाडीचं टायटल, म्हणजे मालकीचा कागद, ड्रॉवरमध्ये पडून होतं. मिशिगनमध्ये खाजगी गाडीला दरवर्षीचं फिटनेस नाही आणि आता एमिशन टेस्ट पण नाही. तेव्हा जर इथं १५ वर्षांचा नियम असता तर ह्या सगळ्या चॅलेंजर, शेवेल, जीटीओ कधीच दाबून चौकोनी ठोकळे झाल्या असत्या, आणि आज आमच्या ग्रुपवर टाकायला फोटो नसता.

आणि गंमत बघा, पन्नास वर्षं झालेल्या गाडीवर आपल्याकडं पण माया आहे. २०२१ च्या जुलैत केंद्रानं विंटेजचे नियम काढले, ५० वर्षं पूर्ण झालेली गाडी असेल तर २० हजार भरा, व्हीए अक्षरांची वेगळी नंबर प्लेट घ्या, रॅलीला न्या, प्रदर्शनाला न्या. रोज वापरायची नाही. मिशिगनची हिस्टॉरिक प्लेट तशीच, गाडी २५ वर्षांवरची पाहिजे, क्लबचे कार्यक्रम, परेड, प्रदर्शन एवढंच, तिच्यात बसून मायर नावाच्या दुकानात दूध आणायला जायचं नाही. फक्त ऑगस्ट महिना कशालाही चालवा, कारण ऑगस्टमध्ये डेट्रॉईटच्या वुडवर्ड रस्त्यावर ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची मिरवणूक, असतं. म्हणजे दोन्हीकडचे कायदे म्हाताऱ्या गाडीला सलाम करतात, ती कामाची राहिली नाही म्हणून. प्रश्न आहे १५ ते ५० मधल्या पस्तीस वर्षांचा, जेव्हा गाडी ना नवी असते ना विंटेज, नुसती जुनी असते आणि कुणीतरी गरजेपोटी ती चालवत असतं. आपल्याकडं प्रीमियर पद्मिनी टॅक्सीचं तेच झालं. २० वर्षांची मर्यादा, शेवटची काळी-पिवळी २००३ ला नोंदवलेली, २०२३ च्या ऑक्टोबरात तिची मुदत संपली, त्या दिवशी सगळ्यांनी फोटो टाकले, गळे काढले. अरे, आदल्या वर्षीपर्यंत त्याच टॅक्सीत बसायला नाक मुरडत होतात की.

हे ग्रुपवर लिहिल्यावर एसयूव्हीवाला पेटला. म्हणाला, तुमच्या अमेरिकेनं पण २००९ ला गाड्या मारल्या होत्या, ते का सांगत नाहीस? बरोबर आहे. कॅश फॉर क्लंकर्स. जुनी गाडी द्या, साडेचार हजार डॉलरपर्यंत घ्या, नवी घ्या. पावणेसात लाखांच्या आसपास गाड्या गेल्या, आणि त्या परत रस्त्यावर येऊ नयेत म्हणून इंजिनमध्ये ऑईलच्या जागी सोडियम सिलिकेट ओतून इंजिन जाम होईपर्यंत चालवायचे. पण दोन गोष्टी. एक, ते स्वखुशीचं होतं. दुसरी, त्यातही २५ वर्षांवरच्या गाड्या घेत नव्हते. बघा, परत मधल्या वयाच्याच मेल्या. दुसऱ्या मुद्द्यावर तो गप्प बसला, पहिल्यावर म्हणाला की स्कीम असती तर आम्ही पण स्वखुशीनं दिली असती. ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, म्हणून मी पंधरा मिनिटं ऑनलाईन गेलो नाही.

आता मी काम काय करतो ते ग्रुपवर सगळ्यांना माहिती आहे, म्हणून टोमणे बसतात. मी एमिशन कॅलिब्रेशनमध्ये आहे. कोल्ड स्टार्टच्या पहिल्या काही सेकंदांत, धूर साफ करणारा कॅटॅलिस्ट तापायच्या आत, काय काय बाहेर पडतं त्याचे मिलिग्रॅम मोजत माझं आयुष्य चाललंय. आणि घरी आलो की शेजारी हा म्हातारा होली कंपनीच्या तीन कार्बोरेटरचं इंजिन सुरू करून उभा. साधं चालवताना मधला एकच कार्बोरेटर काम करतो, पाय दाबला की व्हॅक्यूमनं बाकीचे दोन उघडतात आणि गाडी एकदम मागनं बसते, पुढनं उठते. कॅटॅलिस्ट नाही, काही नाही, न जळलेल्या पेट्रोलचा वास माझ्या किचनपर्यंत येतो. बायको खिडक्या लावते. मी बाहेर जाऊन उभा राहतो. तो वास मला आवडतो, लपवून काय करू, कोल्हापूरच्या उद्यमनगरात शाळा सुटल्यावर आम्ही इंजिन बोरिंगवाल्याच्या दुकानासमोर उभे राहायचो तिथं हाच वास असायचा, कटिंग ऑईल, पेट्रोल आणि चहा.

म्हातारा एकदा म्हणाला, तुम्हा लोकांना ह्या गाड्यांचं काय कळणार, तुमच्याकडं हत्ती होते ना. चेष्टेत म्हणाला, मनानं चांगला आहे. पण माझं डोकं सटकलं. मी सांगितलं, बाबा, डॉज मुंबईत बनायची. कुर्ल्याला. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरनं क्रायस्लरशी करार करून डॉज, प्लिमथ, डी सोटो जोडल्या, पुढं फार्गो आणि डॉजचे ट्रक काढले. माझ्या मामाकडं फार्गो होता, शाहूपुरीत गूळ आणायचा, दार लावायला खांदा मारायला लागायचा. डॉज हे नाव मी पहिल्यांदा ट्रकवर वाचलंय, जांभळ्या गाडीवर नाही. त्याला ते खरं वाटेना. फोनवर फोटो दाखवला तेव्हा चष्मा वर करून बघत म्हणाला, "बॉम्बे? नो किडिंग." नंतर येईल त्या गिऱ्हाईकाला तेच सांगायला लागला, जसं काय त्यानंच शोधून काढलं.

तरी खरं सांगू का, १५ ऑगस्टच्या आसपासच्या त्या शनिवारी वुडवर्डच्या कडेला खुर्ची टाकून बसलो की मला कळतं की हे माझं नाही. शेजारचा प्रत्येक जण म्हणतो, माझ्या बापाकडं हीच होती, आम्ही हिच्यातनं लेकला जायचो. माझ्या बापाकडं बजाज सुपर होती आणि आम्ही चौघं तिच्यावरनं जोतिबाला जायचो. ते सांगायला जावं तर समोरचा मान हलवतो, वाव म्हणतो आणि पुढच्या मस्टँगकडं बघतो. माझी पोरगी तर ह्या दोन्हींत नाही, ती म्हणते बाबा इथं घाण वास येतो, घरी जाऊ. आणि कोल्हापूरच्या ग्रुपवर मी भांडलो नाही तर तिथं माझं काय उरतं? वाढदिवसाला केक पाठवायचा आणि गणपतीला आरतीच्या व्हिडिओवर हात जोडायचे. चिडलो की दहा जण उत्तर देतात. त्यातला एक जण "तू मत कुठं देतोस रे?" असं विचारतोच. ग्रीन कार्डवाल्याला इथं देता येत नाही, तिथं द्यायला विमानाचं तिकीट काढायला लागतं.

आणि जुन्या गाड्यांचा एवढा कळवळा असलेला मी स्वतः काय चालवतो तर लीजची गाडी. तीन वर्षं झाली की चावी परत, नवी घ्या, मीठ लागायच्या आत ती दुसऱ्याच्या गळ्यात. माझ्या हातात एकही गाडी पंधराव्या वर्षापर्यंत पोचलेली नाही. मित्रानं ते बरोबर पकडलं. म्हणाला, भावा, आमची सँट्रो तुझ्या पाच गाड्यांना पुरून उरली.

मान्य. पण माझं म्हणणं बदलत नाही. वय बघू नका, धूर बघा. नीट ट्यून केलेली २००८ ची सँट्रो दिल्लीच्या यादीत बसते म्हणून वाईट आणि इंजेक्टर गळणारा सहा वर्षांचा टेम्पो बसत नाही म्हणून चांगला, हे इंजिनिअरच्या डोक्यात शिरत नाही. ह्यावर एसयूव्हीवाला म्हणेल की तुमच्या मिशिगनमध्ये तर धूर पण बघत नाहीत. नाही बघत, वाईटच आहे ते, कॅलिफोर्नियात बघतात, मी कॅलिफोर्निया धरतो. तिथंही १९७५ पर्यंतच्या गाड्यांना स्मॉग टेस्ट माफ आहे हे मी ग्रुपवर मुद्दाम सांगितलेलं नाही.

राहता राहिला सँट्रोवाला. २०२८ ला तिला २० वर्षं होतील आणि परत नोंदणीची फी दहा हजार लागेल, तेव्हा हा परत अमेरिकेचं काढणार हे नक्की. त्याच्या आधी मर्दा एक काम कर. पुढच्या वेळी पीयूसी काढायला जाशील तेव्हा गाडीतनं खाली उतर आणि त्यानं नळी सायलेन्सरमध्ये खरंच घातली का नुसता नंबर प्लेटचा फोटो काढला ते बघ, आणि सीओचा, म्हणजे कार्बन मोनॉक्साईडचा, आकडा मला पाठव. मग बोलू.