सगळं कम्प्युटरच करतो म्हणे!

मोटोजीपीची, म्हणजे मोटरसायकल रेसिंगच्या सगळ्यांत वरच्या जागतिक स्पर्धेची, रेस संपली की अर्ध्या तासात ही कॉमेंट येतेच. "आता काय राहिलंय? सगळं इलेक्ट्रॉनिक्स. रायडर नुसता वर बसून असतो. खरे रायडर म्हणजे ते जुन्या काळातल्या ५०० सीसी बाइकवाले." लिहिणारा बहुतेक वेळा माझ्याच वयाचा असतो, आणि त्याने रेस शेवटपर्यंत बघितलेली नसते असा मला दाट संशय आहे.

कारण बघत असता तर २०२५ची बुरीरामची रेस त्याच्या डोळ्यांसमोर असती. सीझनची पहिलीच रेस, थायलंडचं ऊन, मार्क मार्केझची फॅक्टरी ड्युकाटीवरची, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या टीमच्या बाइकवरची, पहिली मोठी रेस. गडी पुढे होता, काही त्रास नाही. आणि सुरुवातीच्या काही लॅपनंतर एकदम हळू झाला आणि धाकट्या भावाला, अलेक्सला, पुढे जाऊ दिलं. मी सोफ्यावरून उठलोच. मला वाटलं बाइक गेली. पण बाइक ठणठणीत होती. भानगड होती पुढच्या टायरच्या हवेची. नियम असा की रेसच्या निदान ६० टक्के लॅपमध्ये पुढच्या टायरचं प्रेशर १.८ बारच्या खाली असता कामा नये, नाहीतर रेस संपल्यावर १६ सेकंदांचा दंड. एकटा पुढे पळत राहिलं तर टायरला सतत मोकळा वारा लागतो, प्रेशर चढत नाही. दुसऱ्याच्या मागे चिकटून राहिलं की समोरच्या बाइकची गरम हवा अंगावर येते आणि टायर तापतो. म्हणून हा बाबा मुद्दाम दुसरा झाला, लॅपमागून लॅप भावाच्या मागे बसून राहिला, आणि शेवटच्या काही लॅप उरल्यावर सहज पुढे काढून जिंकून मोकळा झाला.

आता मला सांगा, यात कम्प्युटरने काय केलं? एक आकडा दाखवला. जिंकत असलेली रेस हातातून सोडायची आणि ती परत घेता येईल याची खात्री बाळगायची, हे कुठल्या सेन्सरमध्ये येतं?

हे मी आज छाती काढून लिहितोय, पण एके काळी मीही त्याच कॉमेंटवाल्यांपैकी होतो. २००७ला केसी स्टोनर ड्युकाटीवर आला आणि १० रेस जिंकून चॅम्पियन झाला, तेव्हा मी यामाहावाल्या व्हॅलेंटिनो रॉसीचा कट्टर भक्त. कतारला सरळ पट्ट्यावर ती लाल बाइक रॉसीच्या यामाहाला उभं सोडून जायची आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा. मित्रांना सांगायचो, हा पोरगा काही नाही रे, मागचं चाक घसरलं की कम्प्युटर सावरतो, हा नुसता थ्रॉटलचा कान पिळतो. त्याच टीममध्ये त्याच बाइकवर लॉरिस कॅपिरॉसी होता. आदल्या वर्षी ड्युकाटीवर ३ रेस जिंकलेला माणूस, तो २००७ला एकच जिंकला. हे दिसत होतं मला. पण दिसणं वेगळं आणि मान्य करणं वेगळं. २००८ला मार्को मेलांद्री त्या बाइकवर आला. तीन वर्षांपूर्वीचा उपविजेता. स्टोनरने त्या सीझनला ६ रेस जिंकल्या, मेलांद्रीची सर्वांत चांगली कामगिरी म्हणजे पाचवा नंबर. तरी मी गप्प.

मग २०११ला खुद्द रॉसी ड्युकाटीवर गेला. म्हटलं, आता बघाच. दोन सीझन. एकही विजय नाही, सगळे मिळून ३ पोडियम, म्हणजे पहिल्या तिघांत येणं. आणि स्टोनर होंडावर जाऊन पहिल्याच वर्षी पुन्हा १० रेस जिंकून चॅम्पियन. ऑस्ट्रेलियातल्या फिलिप आयलंडला तर तो २००७ ते २०१२ सलग सहा वर्षं जिंकला, चार वेळा ड्युकाटीवर, दोनदा होंडावर. तिथल्या तिसऱ्या कॉर्नरला आता त्याचंच नाव आहे. त्या डावीकडच्या वेगवान वळणात तो मागचं चाक घसरवत बाइक वळवायचा, लहानपणी मातीच्या ट्रॅकवर शिकला होता तसा. ज्या ड्युकाटीच्या पुढच्या चाकाचा अंदाजच येत नाही म्हणून बाकीचे रडत होते, तिला हा मागच्या चाकाने वळवत होता. आणि इलेक्ट्रॉनिक्सला सगळ्यांत जास्त शिव्या कुणी घातल्या असतील तर याच माणसाने. वयाच्या २७व्या वर्षी हेल्मेट काढून घरी गेला.

रॉसी संपला होता असंही नाही. २०१३ला यामाहावर परत आला आणि नेदरलँड्समधल्या असेनला जिंकला.

आता ट्रॅक्शन कंट्रोलबद्दल, म्हणजे मागचं चाक घसरू न देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सबद्दल, थोडं, कारण यावरच सगळ्यात जास्त गैरसमज आहे. पुढचं आणि मागचं चाक किती वेगाने फिरतंय आणि बाइक किती झुकलीय हे सेन्सर सांगतात. मागचं चाक ठरवल्यापेक्षा जास्त घसरायला लागलं की ईसीयू, म्हणजे बाइकचा कम्प्युटर, इंजिनची ताकद कापतो. नीट वाचा, कापतो. देत नाही. ज्या रायडरचा ट्रॅक्शन कंट्रोल जास्त वेळ काम करतोय तो हळू जातोय. वेगवान तोच, जो कम्प्युटरला हात घालायला कमीत कमी संधी देतो. शिवाय २०१६पासून सगळ्यांना एकच ईसीयू आणि एकच सॉफ्टवेअर आहे, मॅग्नेटी मारेलीचं. फरक उरला तो सेटिंगचा, आणि सेटिंग होते रायडर गॅरेजमध्ये येऊन काय सांगतो त्यावर. त्या २०१६ला ९ वेगवेगळे रायडर जिंकले. चॅम्पियन मात्र मार्केझच झाला!

आणि ब्रेक? मोटोजीपीत एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, चालत नाही. साध्या रस्त्यावरच्या बाइकला असतो तो एबीएस या कोट्यवधींच्या बाइकला नाही. इंजिन ब्रेकिंग, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावर इंजिनमुळे बाइक हळू होणं, ते ईसीयू सांभाळतो, कबूल. पण साडेतीनशेच्या आसपासच्या वेगातून कार्बन डिस्क आवळायची, मागचं चाक हवेत तरंगतंय, आणि मग बाइक आडवी करत करत तो ब्रेक कणाकणाने सोडायचा, हे सगळं उजव्या हाताच्या एकदोन बोटांवर. त्या बोटांना कुणी सावरत नाही. पुढचं चाक सुटलं की खेळ खलास. आजच्या रेस इथेच जिंकल्या जातात. आपण अजून थ्रॉटलकडे बघत बसतो कारण जुन्या काळात कौशल्य तिथे दिसायचं, काळे पट्टे ओढत, धूर काढत. ब्रेक सोडण्यातलं कौशल्य टीव्हीवर दिसत नाही हो.

५०० सीसीच्या आठवणी काढणाऱ्यांना एक विचारायचंय. हायसाइड आठवतो का? मागचं चाक सुटतं, मग अचानक पकडतं आणि बाइक रायडरला आकाशात भिरकावते. १९९२ला मिक डूहान असेनला सरावात पडला आणि उजवा पाय जायची वेळ आली. डॉक्टर कोस्टांनी रक्तपुरवठा टिकावा म्हणून त्याचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून ठेवले होते. ते विजेतेपद त्याच्या हातून ४ गुणांनी गेलं. नंतर उजव्या पायाने मागचा ब्रेक दाबता येईना म्हणून डाव्या अंगठ्याने दाबायचा ब्रेक लावून घेतला आणि १९९४पासून सलग पाच वेळा चॅम्पियन झाला. अंगठ्याचा ब्रेक हे इक्विपमेंटच ना? आज मोटोजीपीत कितीतरी जण तो वापरतात, त्यांना कुणी नावं ठेवत नाही.

बरं, बाइकला काही किंमतच नाही असं मी म्हणत नाहीये. तसं म्हणणारेही भेटतात, "मार्केझला सायकल दिली तरी जिंकेल" वगैरे. त्यांनी २०२३ची जर्मनीतल्या झाक्सेनरिंग ट्रॅकवरची रेस बघावी. या ट्रॅकवर तो २०१०पासून जेव्हा जेव्हा रेसला उभा राहिला तेव्हा तेव्हा जिंकला होता, तिन्ही क्लास धरून सलग ११ वेळा. २०२३ला होंडावर त्याच ट्रॅकवर एका वीकेंडला पाच वेळा पडला, अंगठा मोडला, आणि रविवारी रेसला उतरलाच नाही. माणूस तोच, ट्रॅक तोच. कराराचं एक वर्ष शिल्लक असताना त्याने होंडा सोडली आणि २०२४ला ग्रेसिनी या खासगी टीमची वर्षभर जुनी ड्युकाटी घेतली. ती जुनी ड्युकाटी चौघांकडे होती. तिच्यावर रविवारची मुख्य रेस जिंकला एकटा मार्क, तीनदा. आणि २०२५ला फॅक्टरी बाइक मिळाल्यावर झाक्सेनरिंगही परत घेतलं, विजेतेपदही. शेजारच्या गॅरेजमध्ये बान्याया, दोन वेळचा चॅम्पियन, तीच बाइक, आणि पूर्ण सीझन बिचारा पुढच्या चाकाचा भरवसा शोधत राहिला.

बाइक चांगली असणं आणि बाइक आपली असणं यातला फरक यामाहावरून आलेल्या होर्हे लोरेन्झोने दाखवला. दीड वर्षं ड्युकाटीवर धडपडला. ब्रेक मारताना अंगाला आधार मिळत नव्हता, हात भरून यायचे. २०१८ला इटलीतल्या मुजेल्लोला पेट्रोलच्या टाकीवर आधाराचा एक तुकडा बसवला आणि पठ्ठ्या जिंकला. मग बार्सिलोना. मग ऑस्ट्रिया. टाकीचा तुकडा! ना सेन्सर, ना सॉफ्टवेअर. दुर्दैव असं की तोवर ड्युकाटीबरोबरचं फिसकटलं होतं, आणि होंडावर २०१९ला त्याला पूर्ण सीझनमध्ये २८ गुण मिळाले. त्याच होंडावर त्याच वर्षी मार्केझने ४२० केले.

माझा खरा राग आहे तो बाइकला हवेने जमिनीवर दाबून ठेवणाऱ्या पंखांवर आणि बाइकची उंची कमी करणाऱ्या त्या राइड हाइट डिव्हाइसवर. इलेक्ट्रॉनिक्स तुमच्याच बाइकवर काम करतं. पंख मागून येणाऱ्याचंही वाटोळं करतात. समोरच्याने फाडलेल्या हवेत मागच्याच्या पंखांना दाब मिळत नाही, त्यात पुढचा टायर तापून फुगतो, आणि दोन सेकंदांच्या अंतरावर भाजी मंडईतल्या रांगेसारखे सगळे एकामागून एक. राइड हाइट डिव्हाइस तर कॉर्नरमधून निघताना बाइकचं बूड खाली बसवतं, पुढचं चाक उचलत नाही, आणि चाक जमिनीवर ठेवून ताकद उतरवायची जी कला होती तिची किंमत निम्म्यावर येते. इथे मी त्या कॉमेंटवाल्यांच्या बाजूने आहे, फक्त त्यांनी चोर भलताच पकडलाय.

२०२७च्या नियमांत इंजिन १००० वरून ८५० सीसी, पंख छोटे, राइड हाइट डिव्हाइस बंद, रेस सुटताना बाइक खाली बसवणारं होलशॉट डिव्हाइसही बंद, टायर पिरेलीचे. ट्रॅक्शन कंट्रोल राहतोय आणि ते बरंच आहे. डूहानचे शिवलेले पाय मला परत बघायचे नाहीत.

आणि हो, २००७ला स्टोनरबद्दल मी जे जे बोललो ते ज्या मित्रांनी ऐकलंय ते इथेच आहेत. स्क्रीनशॉट नव्हते तेव्हा, नशीब माझं. लगूना सेका २००८चा, रॉसी-स्टोनरच्या त्या झुंजीचा, विषय मात्र काढू नका, तिथे अजूनही मी रॉसीचाच.