एमिलीच्या मॉडेलला मिळालेल्या दोन स्टारबद्दल

नमस्कार,

आपण लिहिलंत की एअरफोर्समधून निवृत्त झालेल्या वडिलांच्या पंचाहत्तरीसाठी आमच्याकडून समुद्रात बुडालेल्या विमानाचं मॉडेल घेतलं. ते चार दिवस उशिरा आलं, विमान उलटं, चाकं गायब, रंग मळकट, शेपटीजवळ बुडबुडा, आणि कॉकपिटमध्ये सांगाडा बसवून द्या म्हटलं तर मालकाने फोनवर साफ नकार दिला.

उशीर आणि बुडबुडा ही सरळसरळ माझी चूक. मॉडेलमधलं पाणी म्हणजे रेझिन, ओतल्यावर घट्ट होणारं पारदर्शक प्लास्टिक. ते पातळ थरांत ओतायचं असतं, एक थर घट्ट झाला की दुसरा. आपली तारीख गाठायच्या घाईत मी शेवटचा थर जाड ओतला. तो तापला आणि शेपटीच्या खाचेतली हवा आतच अडकली. ते दिसल्यावर मी दुसरं करायला घ्यायला हवं होतं, तरी तसंच पाठवलं. एवढं करून तारीखही हुकली. पंचाहत्तरी एकदाच येते, याचं मला फार वाईट वाटतं.

उलट्या विमानाचं मात्र सांगतो. आपण निवडलेलं विमान म्हणजे जपानी नौदलाचं कावानिशी एच८के. दुसऱ्या महायुद्धात जपानविरुद्ध लढणाऱ्या मित्रराष्ट्रांनी त्याला ‘एमिली’ हे सांकेतिक नाव दिलं होतं. चार इंजिनं, पंखांचा पसारा ३८ मीटर. पॅसिफिकमधल्या ट्रुक लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या कड्याने वेढलेल्या समुद्रात, सुमारे १५ मीटर खोलीवर एक एमिली आजही पोट वर करून पडलेली आहे, आणि मी केली ती तीच. सरळ ठेवली असती तर ते दुसरंच कुठलं तरी विमान झालं असतं. चाकं नाहीत, कारण हे विमान पाण्यावरच उतरायचं, त्याचं पोट बोटीसारखं असायचं. हे कागदावर लिहून डब्यात ठेवायला हवं होतं. आता प्रत्येक मॉडेलसोबत ठेवतो आहे.

रंगाचं म्हणाल तर पाणी लाल उजेड सगळ्यात आधी शोषून घेतं. १५ मीटरवर लाल वस्तू करडी-तपकिरी दिसते. पाणबुड्याने टॉर्च मारला की तिथलेच स्पंज आणि प्रवाळ लाल-केशरी होतात. उजव्या पंखाच्या मुळाशी बघा, नखाएवढा केशरी डाग आहे. टॉर्च नेमका तिथे पडला आहे असं धरून तो रंगवला आहे. बाकी सगळीकडे निळसर करडा हात मारला. त्या एका डागाला माझे दोन दिवस गेले. वडिलांना भिंग देऊन दाखवा, एवढी विनंती.

आता सांगाडा. फोनवर माझा आवाज चढला, त्याची माफी मागतो. नकार मात्र कायम आहे. अशी कितीतरी विमानं आपल्या माणसांसकट बुडाली आणि त्यातले कित्येकजण कधीच घरी आले नाहीत. ब्रिटनमध्ये १९८६ च्या कायद्याने लष्करी सेवेत असताना कोसळलेल्या प्रत्येक विमानाला संरक्षण आहे, परवान्याशिवाय हात लावता येत नाही. अमेरिकेनेही २००४ साली आपल्या बुडालेल्या लष्करी जहाजांसाठी आणि विमानांसाठी तसाच कायदा केला. ट्रुकमध्येही पाण्याखालून काही उचलून आणायला बंदी आहे. जिथे पाणबुडे वस्तू जागची हलवत नाहीत, तिथली माणसं मी प्लास्टिकची करून दिवाणखान्यातल्या शोभेला विकू? सोबत उडालेला माणूस परत न येणं म्हणजे काय, हे आपल्या वडिलांच्या नोकरीत सगळ्यांना ठाऊक असतं. त्यांच्या वाढदिवसाच्या टेबलावर माझ्या हातची हाडं यावीत, हे मला सोसणार नाही.

आपल्याला विमानासोबत माणसं हवी आहेत, हे मात्र मला पटतं. म्हणून एक सुचवतो. ११ जुलै १९४३ ला ‘ब्लॅक जॅक’ नावाचं अमेरिकन बी-१७ बॉम्बर रबाउल या जपानी तळावरच्या मोहिमेवरून परतताना वादळात सापडलं, इंजिनं दगा देत होती, तेव्हा वैमानिकाने ते पापुआ न्यू गिनीच्या बोगा बोगा गावासमोर समुद्रात उतरवलं. काही जखमी झाले, पण दहाच्या दहाजण वाचले. विमान सरळ बुडालं आणि १९८६ साली पाणबुड्यांना ४५ मीटरपेक्षा खोल, वाळूवर बसलेलं सापडलं. ते मी १:१४४ च्या प्रमाणात करून देतो, पंख २२ सेंटिमीटरचे. खाली विमान, मधे निळं रेझिन आणि वर पाण्यावर रबरी होड्यांत ती दहा माणसं. एकही पैसा घेणार नाही.

एमिलीच हवी असेल तर तीही नव्याने ओतून देतो, बुडबुड्याशिवाय. दोन्ही नको असतील तर पूर्ण पैसे परत. मॉडेल परत पाठवायचा कुरिअरचा खर्च माझा. बडोद्यातच असाल तर दांडिया बाजारातल्या दुकानी वडिलांना घेऊन या. रविवार सोडून रोज संध्याकाळी आठपर्यंत मी असतो. ब्लॅक जॅक करायचं ठरलं तर तीन आठवडे लागतील. या वेळी थर पातळच ओतीन.