गांडुळे फ्रीजमध्ये ठेवायला सांगणाऱ्या संदेशाला उत्तर

‘नाइटक्रॉलर गांडुळे घरी निरोगी ठेवण्याचे सोपे उपाय’ अशा मथळ्याचा एक संदेश पुण्यातील सोसायट्यांच्या आणि गच्चीवर बाग करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत वर्षभर फिरतो आहे. उन्हाळ्यात गांडुळे फ्रीजमध्ये ठेवा, संख्या वाढवायची असल्यास एकाचे दोन तुकडे करा, रोग होऊ नये म्हणून आठवड्यातून एकदा हळद-मिठाचे पाणी शिंपडा, कांद्याची सालेही विषासारखी असल्याने ती टाळा, डब्याजवळ रोज बासरी लावा आणि खाद्य म्हणून ताजे शेण घाला, असा त्याचा सारांश आहे. मी त्याकडे दुर्लक्षच केले असते. परंतु कर्वेनगरात राहणाऱ्या माझ्या वहिनींनी तो प्रमाण मानून नर्सरीतून आणलेली गांडुळे डब्यासकट फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवली, आणि ती सगळी मेली. दुकानदाराने वाईट माल दिला, अशी त्यांची अजूनही समजूत आहे.

माल वाईट नव्हता, सल्ला दुसऱ्याच प्राण्यासाठीचा होता. ‘नाइटक्रॉलर’ या नावाने निदान दोन अगदी वेगळी गांडुळे ओळखली जातात. एक लुंब्रिकस टेरेस्ट्रिस, म्हणजे युरोप आणि उत्तर अमेरिकेतील थंड जमिनीत राहणारे, खोल उभे बीळ करून रात्री वर येऊन पाने ओढून नेणारे मोठे गांडूळ. कॅनडात ते रात्री शेतांतून हाताने वेचतात आणि मासे पकडणाऱ्यांना आमिष म्हणून विकतात. हे मासेमार ते फ्रीजमध्ये ठेवतात हे खरे आहे, आणि तेथे ते अनेक आठवडे टिकते हेही खरे आहे. संदेशातील हा सल्ला तेथूनच उचललेला दिसतो. दुसरे युड्रिलस युजेनी, ज्याला आफ्रिकन नाइटक्रॉलर म्हणतात. ते मूळचे पश्चिम आफ्रिकेतील उष्ण प्रदेशाचे आहे, जमिनीत खोल जाण्याऐवजी वरच्या कुजक्या थरात राहते, आणि आपल्याकडे खतासाठी आयसेनिया फेटिडा या लाल गांडुळाच्या बरोबरीने सर्वत्र विकले जाते. त्याला सुमारे 25 ते 30 अंश सेल्सिअस तापमान मानवते. घरातल्या फ्रीजचे तापमान 4-5 अंशांच्या आसपास असते. जे गांडूळ 10-12 अंशांच्या खाली तग धरत नाही, त्याला तेथे ठेवणे म्हणजे सरळ मारणे होय.

उन्हाळ्याची काळजी मात्र निराधार नाही, एवढे मान्य करावे लागते. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांच्या आसपास जातो, आणि पश्चिमेकडच्या बाल्कनीतील प्लॅस्टिकचा डबा त्याहूनही तापतो. 35 अंशांच्या वर हेही गांडूळ टिकत नाही. पण त्यावरचा उपाय फ्रीज हा नव्हे. डबा सावलीत आणि वारा लागेल अशा जागी हलवावा, शक्यतो माती किंवा सिमेंटची कुंडी वापरावी, आणि वर ओले गोणपाट टाकून ते दिवसातून दोनदा भिजवावे. माठातले पाणी ज्या न्यायाने गार होते, त्याच न्यायाने हा थरही बाहेरच्या हवेपेक्षा काही अंशांनी थंड राहतो. पाणी गोणपाटावर शिंपडायचे, डब्यात ओतायचे नाही. आतले मिश्रण मुठीत घट्ट दाबल्यावर एक-दोन थेंब निघावेत, धार लागू नये. धार लागली तर आतली हवा संपते आणि गांडुळे भिंतींवर चढू लागतात. संदेशात त्याला ‘गांडुळे आनंदी असल्याची खूण’ म्हटले आहे, ते कोणत्या आधारावर, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक. आफ्रिकन नाइटक्रॉलर नव्या डब्यात आणि पावसाळी हवेत जरा भटकते, हे खरे. एरवी गांडुळे थव्याने बाहेर येऊ लागली तर आत काहीतरी आंबले आहे, तापले आहे किंवा गुदमरले आहे असे समजावे.

दोन तुकड्यांची गोष्ट तर शाळेपासून कोणी ना कोणी ऐकवत आलेले आहे. गांडुळाचे हृदयासारखे काम करणारे रक्तवाहिन्यांचे जोड, मेंदू आणि प्रजननाचे अवयव पुढच्या भागात असतात. मागून थोडाच भाग तुटला, तर पुढचा तुकडा नवी शेपटी वाढवून जगू शकतो; मागच्या तुकड्याला बहुतेक जातींत तोंड येत नाही. काही जातींत तर त्याला तोंडाच्या जागी आणखी एक शेपटी फुटते आणि तो उपासमारीने मरतो. आपल्याकडील पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस हे अपवाद ठरावे असे गांडूळ आहे. त्याच्या मागच्या तुकड्यालाही डोके फुटल्याच्या नोंदी आहेत. म्हणून काही नर्सरीतली गांडुळे सुरीखाली घेण्याचा परवाना मिळत नाही. प्रत्येक गांडूळ उभयलिंगी असते, सामान्यतः दोन गांडुळे एकत्र येऊन प्रजनन करतात, आणि अंगावरच्या जाडसर पट्ट्यातून लिंबाच्या बीएवढे किंवा त्याहूनही लहान कोष घालतात. उबदार ओलाव्यात युड्रिलसचे कोष साधारण दोन-तीन आठवड्यांत फुटतात आणि पिल्ले दीड-दोन महिन्यांत वयात येतात. जो प्राणी आपणहून एवढ्या वेगाने वाढतो, त्याचे तुकडे करण्याची गरज कोणाला वाटली असेल?

हळद-मिठाबद्दल थोडक्यात. गांडूळ ओल्या कातडीतून श्वास घेते. मीठ त्या कातडीतून पाणी ओढून घेते. याच कारणाने लोणचे, पापड आणि उरलेली आमटी डब्यात टाकू नये. माणसाच्या जखमेवर लावतात म्हणून हळद येथेही घालण्याचे काही कारण नाही.

कांदा आणि बासरी या दोन्हींना एकच साक्षीदार पुरेसा आहे. चार्ल्स डार्विनने गांडुळांवरचे आपले पुस्तक 1881 साली प्रसिद्ध केले, आणि त्यासाठी मातीच्या कुंड्यांत गांडुळे पाळून अनेक प्रयोग केले. त्याने कोबीच्या पानांचे आणि कांद्याचे तुकडे मातीखाली पुरून ठेवले. गांडुळांनी ते प्रत्येक वेळी शोधून काढले, कारण हे दोन्ही पदार्थ ती आवडीने खातात, असे त्याने लिहिले आहे. ती गांडुळे आपल्या डब्यातल्या जातीची नव्हती हे खरे, आणि कांद्याचा ढीग एकाच जागी टाकल्यास तो सडून तापतो हेही खरे. मूठभर साले चिरून पसरावीत, एवढीच अट. त्याच पुस्तकात कुंड्यांजवळ शिट्टी, ‘बसून’ नावाचे फुंकून वाजवायचे वाद्य आणि पियानो वाजवल्याचे, इतकेच काय, मोठ्याने ओरडल्याचेही वर्णन आहे. गांडुळांनी दखल घेतली नाही. कुंड्या थेट पियानोवर ठेवल्या तेव्हा मात्र कंपने जाणवून ती बिळात पळाली. तेव्हा बासरी लावायचीच असेल तर स्वतःसाठी लावावी, आणि स्पीकर डब्यावर ठेवू नये.

गांडूळ खताचा प्रकल्प चालू ठेवणाऱ्या मिळकतींना पुणे महापालिका करात सवलत देते, म्हणून अनेक सोसायट्यांत हे डबे आता हौसेपुरते उरलेले नाहीत. तेथे विकत घेताना जात विचारून घ्यावी. सांगता येत नसेल त्याच्याकडून घेऊ नये.

शेवटचा मुद्दा ताज्या शेणाचा. ते ढिगात कुजताना चांगलेच तापते, आणि गांडुळे त्यात जाण्याऐवजी त्यापासून दूर पळतात. शेण सावलीत पंधरा-वीस दिवस मुरू द्यावे, अधूनमधून पाणी मारून उलटावे, आणि वापरण्याआधी मध्यभागी हात घालून पाहावा. हाताला ऊब लागत असेल तर आणखी आठवडाभर थांबावे.