‘मनाने खंबीर तोच वाचतो’? कोणी सांगितलं?

पावसाळा सुरू झाला की नाशिकच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हटकून फिरतो: जो घाबरत नाही, सकारात्मक राहतो आणि क्षणाचाही विचार न करता झेप घेतो, तोच मरणाच्या दारातून परत येतो, बाकीचे मनाने कच्चे. खाली हात जोडलेले इमोजी.

आधी ‘घाबरत नाही’ बघू. अमेरिकेतल्या एका बाईला संशोधक ‘एसएम’ एवढ्याच नावाने ओळखतात. दुर्मीळ आजारात तिच्या मेंदूतला अमिग्डाला हा भाग निकामी झाला आणि बाहेरच्या धोक्याची भीती तिला वाटेनाशी झाली. परिणाम? तिच्यावर चाकू रोखला गेला, बंदूकही रोखली गेली. आपण कुठे जातोय याची धास्तीच तिला नसते.

खरं तर यासाठी अमेरिकेपर्यंत जायला नको. नाशिकच्या गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पुराचं पाणी लागलं की छातीला, यावर सराफ बाजारातले दुकानदार माल हलवायचा निर्णय घेतात. ही भीतीच आहे, फक्त मोजून घेतलेली. गंगापूर धरणातून विसर्ग वाढलेला असताना घाटाच्या पायरीवर सेल्फी काढणारा मात्र आपल्याकडे ‘डेअरिंगबाज’ ठरतो. वाहतं पाणी गुडघ्याएवढं असलं तरी धडधाकट माणसाचे पाय सुटतात, कारण वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो.

‘सकारात्मक राहा’ हे अर्धं खरं. 2023 मध्ये उत्तराखंडच्या सिल्क्यारा बोगद्यात 41 कामगार 17 दिवस अडकले. गब्बर सिंह नेगींनी सोबत्यांना धीर दिला, चालायला आणि योगासनं करायला लावलं. पण हवा आणि खाणं आत जात होतं ते नळ्यांतून, आणि त्या नळ्या कुणाच्या आशावादातून आलेल्या नव्हत्या. उलट, व्हिएतनाम युद्धात हनोईच्या कैदेत सात वर्षांहून जास्त काढलेले अमेरिकी अधिकारी जेम्स स्टॉकडेल सांगत, की ‘नाताळपर्यंत सुटू’ म्हणणारेच आधी खचले.

‘विचार न करता झेप’? 1977 मध्ये स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानं धडकली, 583 माणसं गेली. पॅन ॲमच्या विमानातले काही प्रवासी धडकेतून वाचूनही जागेवरच बसून राहिले, असं बाहेर पडलेल्यांनी सांगितलं. ते भित्रे नव्हते. अनोळखी संकटात डोक्यात तयार उत्तर नसलं की माणूस थिजतो. पटकन हलतो तो बहुधा आधीच दार कुठे आहे हे बघून बसलेला असतो.

राहता राहिलं ‘मनाने कच्चे’. याचा मला राग येतो. 27 ऑगस्ट 2003 ला याच नाशिक शहरात कुंभाच्या चेंगराचेंगरीत 39 भाविक गेले. अशा गर्दीत छाती दाबली जाऊन श्वास कोंडतो. तिथे मन खंबीर असून काय करणार? मुलाखती वाचलेल्यांच्याच होतात, म्हणून आपल्याला त्यांचाच स्वभाव दिसतो. गेलेल्यांतही निडर आणि आशावादी असतीलच की!

2027 च्या सिंहस्थाआधी काही फॉरवर्ड करायचंच असेल तर हे करा: गर्दी दाटू लागताच बाहेर पडायची वाट बघून ठेवा. दोन्ही हात छातीसमोर आडवे धरा, श्वासाला जागा राहते. रेट्याच्या विरुद्ध ढकलू नका, लाट ओसरली की तिरकं सरकत कडेला या. चप्पल पडली तर वाकू नका.