‘बॅटरी पॅक गेला, नवा घ्या’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली, पण मुद्दाम लगेच उत्तर दिलं नाही, रागात लिहायचं नव्हतं. बाकीच्यांना कळावं म्हणून सांगतो, ई-सायकल चालता चालता अचानक बंद का पडते यावर मी लिहिलं होतं, त्याखाली यांनी लिहिलंय, "अर्धा चार्ज दाखवत असताना बंद पडली म्हणजे पॅक गेला, गप नवा घ्यावा. यूट्यूब बघून मेकॅनिक झालेल्यांनी लोकांना मल्टीमीटर देऊन आगीशी खेळायला लावू नये." शिवाय उन्हाचं काही लिहिलं नाही, लेख लांबलाय, वगैरे.

उन्हाचं तुमचं बरोबर आहे. एप्रिल-मे मध्ये उन्हातनं आलेली सायकल तशीच चार्जिंगला लावू नये, पॅक आधी गार होऊ द्यावा. हे वाक्य लेखात घालतो.

पण "यूट्यूब बघून" हे काय? मला ओळखता का तुम्ही? आमच्या वडलांचं शिवाजी उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं, शाळा सुटली की मी तिथंच, गृहपाठ पण तिथंच, मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) आणि मल्टीमीटर (व्होल्ट, करंट मोजायचं मीटर) हातात घेतला तेव्हा इंटरनेट कुणी बघितलं पण नव्हतं. मोजल्याशिवाय गिऱ्हाइकाला खर्च सांगायचा नाही हे वडलांचं ठरलेलं होतं आणि मी आजपण त्याच्या बाहेर गेलेलो नाही. माझा मुद्दा चुकीचा वाटला तर खुशाल खोडा, कोल्हापुरात तोंडावर बोललेलं कुणाला लागत नाही, पण समोरच्यानं कुठं काय शिकलंय ते माहीत नसताना त्याची लायकी काढायची ही कुठली पद्धत?

आता तुमचं ते "पॅक गेला". ३६ व्होल्टच्या लिथियम-आयन पॅकमध्ये सेलचे १० गट एकामागोमाग जोडलेले असतात, फुल्ल चार्जला ४२ व्होल्ट. साधा डिस्प्ले फक्त एकूण व्होल्टेज बघून दांड्या दाखवतो, पण बीएमएस, म्हणजे पॅकच्या आतलं बॅटरी सांभाळणारं सर्किट, प्रत्येक गट वेगळा बघतं. समजा वाघबीळवरनं पन्हाळ्याचा चढ लागलाय, मोटर जोरात करंट ओढतेय, नऊ गट ३.६ व्होल्टवर टिकलेत आणि एक म्हातारा झालेला गट लोडखाली २.७ ला आला, तर बेरीज ३५ व्होल्टच्या वर येते, डिस्प्लेला अर्धी बॅटरी दिसते, मोटरला करंट देणाऱ्या कंट्रोलरलाही काही वावगं वाटत नाही, पण बीएमएस त्या एका गटाला वाचवायला सगळा पॅक तोडतं. लाइट, डिस्प्ले, सगळं एकदम बंद. मग चावी बंद-चालू केली किंवा चार्जर लावला की पुन्हा जिवंत, सपाट रस्त्याला नीट चालते, चढाला पुन्हा तेच. याला तुम्ही पॅक गेला म्हणणार? एक गट गेलाय, किंवा नुसता बॅलन्स बिघडलाय, म्हणजे गटांचा चार्ज कमी-जास्त झालाय, आणि तसं असेल तर फुल्ल झाल्यावर अजून काही तास चार्जरवर ठेवला, अर्थात घरात जागं कुणीतरी असताना, तर बऱ्याच पॅकचे गट परत जवळ येतात.

आणि डिस्प्ले चालू राहून फक्त मोटर थांबली तर ते बहुतेक वेळा कंट्रोलरचं लो-व्होल्टेज कटऑफ (एकूण व्होल्टेज फार उतरलं की मोटर बंद करणं), नाहीतर ब्रेक लिव्हरचा स्विच अडकलेला. खड्ड्यात किंवा स्पीडब्रेकरला जाते आणि आपोआप येते, तर कनेक्टर ढिला. आमच्या गल्लीतल्या एका काकांना एका दुकानात सरळ नवीन पॅक सांगितला होता, मी बघितलं तर पॅक ज्या पिनांवर बसतो त्यातली एक काळी पडून सैल झालेली, तिथंच गरम होऊन करंट तुटायचा. कनेक्टर बदलला, काका आजपण रंकाळ्याला त्याच सायकलवर फिरायला जातात. तुमच्या सल्ल्यानं चालले असते तर पेन्शनमधले पैसे गेले असते, याचा विचार करा जरा.

आगीबद्दल: पॅक उघडा असं मी कुठंही लिहिलेलं नाही, उलट उघडू नका, सेल बदलायचं काम जाणकाराकडं द्या, असंच लिहिलंय. तुम्ही लेख वाचलाच नाही असं मला स्पष्ट वाटतं. मोजायचं ते बाहेरच्या टर्मिनलवर, मीटर डीसी २०० व्होल्टवर, आणि लाल वायर १० अँपिअरच्या भोकात चुकूनही नाही, कारण तिथं लावली की थेट शॉर्ट होतो. फुगलेला, वास येणारा किंवा २०१९ सारख्या पुरात बुडालेला पॅक मोजायलाही घेऊ नका आणि चार्ज तर मुळीच करू नका, घराबाहेर मोकळ्यात ठेवा. यात आगीशी खेळ कुठाय?

लेख लांब आहे, राहील. बाकीच्या मुद्द्यांना उत्तर द्यावं असं त्यात काही नाही.

तुमची स्वतःची सायकल बंद पडत असेल तर तीन आकडे लिहा: फुल्ल चार्ज करून तासाभरानं किती व्होल्ट, बंद पडल्या पडल्या किती, आणि मागचं चाक उचलून दुसऱ्या कुणाला थ्रॉटल देत ब्रेक हळू दाबायला लावला तर किती. ब्रेकचा स्विच मोटर तोडत असेल तर त्याचा प्लग तेवढ्यापुरता काढा. हे आकडे टाका, नावासकट टाका, मग पॅक गेलाय का नाही ते बघू.