तीनशे शब्द, फोटोसह

बालगृहात समुपदेशक म्हणून लागले तेव्हा मुलांची धास्ती होती. ती आठवड्यात गेली. त्रैमासिक वार्तापत्राची मात्र अजून आहे. दर तीन महिन्यांनी संपादक सरांचा फोन येतो, "मॅडम, लेख देऊन राहिल्या ना? तीनशे शब्द, फोटोसह. उद्यापर्यंत झालं तरी चालते." सर निवृत्त शिक्षक. गृहपाठ मागायची त्यांची सवय सुटत नाही आणि तो टाळायची माझी.

या खेपेला मात्र विषय समोरून चालत आला. तान्हा पोळा, पोरांचा लाकडी बैलांचा सण! एका पोराने पंधरा दिवस आधीपासून लाकडी बैलाचा धोशा लावला होता. देणगीतून बैल मिळाला, पण एकाच शिंगाचा. पोराने चिंध्या गुंडाळून, फेविकॉल फासून दुसरं शिंग केलं. ते पहिल्याच्या दुप्पट झालं आणि बैल डावीकडे कलंडायला लागला. म्हणून उजव्या कुशीला भिंतीवरच्या घड्याळातला सेल बांधला. (घड्याळ तीन दिवस दहा वाजून वीस मिनिटांवर होतं.) मावशींसोबत समोरच्या गल्लीत फिरून त्याने सत्तावीस रुपये बोजारा, म्हणजे बैलाची ओवाळणी, जमवला आणि रात्री मला विचारलं, "मॅडम, बैलाच्या नावानं खातं निघते का बँकेत?"

मी जागून लेख लिहिला. सकाळी सरांचा फोन. "मस्त जमला. फक्त पोराचं नाव काढा."

"बदललेलं आहे, सर."

"तरी काढा. लोक अंदाज लावते."

बाल न्याय अधिनियम, 2015, कलम 74. अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा, ओळख पटेल असं काहीही छापायचं नाही. छापलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. नियम शंभर टक्के बरोबर आहे. प्रशिक्षणात तो मीच घसा फोडून शिकवते. पण तो आपल्याच लेखावर चालून आला की बोकडाला सावजीचा मसाला दिसावा तसं होतं.

नाव गेलं. मग शाळा, गल्ली, वय. बँकेचं वाक्यही गेलं, कारण "बोलण्यावरून मुलूख कळते." शेवटी 'पोरगा'ही गेला आणि त्या जागी सरांनी स्वहस्ते 'लाभार्थी' बसवला. 'एका लाभार्थ्याने बैल सजवला.' वाचून वाटावं, कृषी खात्याची योजना आहे. तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी, इडापिडा घेऊन जाणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीत लोक 'घेऊन जा गे मारबत' ओरडले होते. आता मी मनातल्या मनात वार्तापत्रही तिच्या हवाली केलं.

उरले एकशे दहा शब्द. रिकाम्या जागेत नेहमीप्रमाणे 1098 या बाल हेल्पलाइनची चौकट आली. माझ्या लेखांमुळे या नंबरचा जेवढा प्रचार झाला, तेवढा सरकारनेही केला नसेल.

राहिला फोटो. आमच्या अंकात चेहरे फक्त पाहुण्यांचे असतात, मुलांच्या पाठी असतात. मी पाठमोरा फोटो पाठवला. सर म्हणाले, "मॅडम, याच्या डोक्यात दोन भोवरे आहेत." खरंच होते. मावशी तर त्यावरून त्याची दोन लग्नंसुद्धा ठरवून मोकळ्या झाल्या आहेत. म्हणजे भोवरेही ओळख झाली. मग बैलाचा एकट्याचा फोटो पाठवला, समोरून, दोन्ही शिंगांसकट. सरांना त्यात काही सापडलं नाही.

अंक छापून आला. नागपूरच्या बर्डीतला डीटीपीवाला पोरगा आमचं काम वर्षानुवर्षं करतो, त्यामुळे त्याला काही सांगावं लागत नाही. सातव्या पानावर बैल होता आणि त्याच्या दोन्ही डोळ्यांवर काळी पट्टी होती.

लाभार्थ्याने अंक हातात घेतला. बराच वेळ पाहिलं. मग हळूच विचारलं, "मॅडम, यानं काय केलं?"